रिकामा रकाना

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत केमिकल लाइनचं कोणी ना कोणी असतंच. नंदेसरी, अंकलेश्वर, दहेज, नाही तर थेट वापी. आधीची पिढी हेल्मेट घालून प्लांटवर जायची. आता तुमच्यापैकी बरेच जण त्याच कंपन्यांत लॅपटॉप घेऊन जाता. कोणी प्रोग्रॅम लिहितं, कोणी डेटा भरतं, आणि समोरच्या आकड्यांचा ड्रम उघडणाऱ्या माणसाशी काय संबंध, हे कुणी सांगत नाही. माझं सगळं काम याच संबंधाचं आहे, म्हणून या वेळी त्याबद्दल.

भिंतीचा रंग, फरशीचं लिक्विड, फवारणीचं औषध, यांतलं काहीही एकच एक रसायन नसतं. दहा-पंधरा घटक ठरलेल्या टक्क्यांत मिसळलेले असतात. त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. आजीच्या वहीत जसं 'मीठ चवीनुसार' असतं, तसं आमच्याकडेही 'पीएच ८ होईपर्यंत' असं लिहिलेलं सापडतं. आजीला ते चालतं. सॉफ्टवेअरला चालत नाही, कारण घटक आणि टक्के यांवरूनच त्याला मालाचा धोका ठरवायचा असतो. त्यातून निघते सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, आणि ड्रमवरचं लेबल. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी यासाठी जगभर एक पद्धत सुचवली, तिचं नाव जीएचएस. एसडीएसचे सोळा भाग आणि लाल चौकटीतली नऊ चित्रं तिथूनच आली.

पहिली अडचण नावाची. मिथेनॉल, मिथिल अल्कोहोल, वुड स्पिरिट ही तीन नावं एकाच विषारी द्रवाची. तीन सप्लायरांच्या यादीतून ती तीन ओळींत शिरली, की सॉफ्टवेअर त्यांना तीन वेगळे पदार्थ समजतं. म्हणून प्रत्येक रसायनाचा कॅस नंबर धरायचा. मिथेनॉलचा ६७-५६-१, पाण्याचा ७७३२-१८-५. यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पाण्याचाच घ्या. शेवटचा ५ सोडून उजवीकडून ८ ला १ ने, १ ला २ ने, २ ला ३ ने, असं गुणत जा. बेरीज १०५ येते, तिचा एकम ५. टायपिंगची चूक इथेच पकडली जाते. 'थिनर'ला मात्र असा एक नंबर नसतो, कारण थिनर हे मुळात मिश्रणाचं नाव आहे. त्यात काय आहे ते सप्लायरला विचारावंच लागतं, आणि तो सहजासहजी सांगत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. नव्या मुलांना वाटतं, टक्क्यांप्रमाणे सरासरी काढली की झालं. पीएचची सरासरी निघत नाही, ती मोजपट्टीच वेगळ्या जातीची आहे. फ्लॅश पॉइंटचीही निघत नाही. द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असं सगळ्यात कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. जड, सहजी न पेटणाऱ्या तेलात थोडंसं ॲसिटोन पडलं, तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो, कारण आधी वाफ होते ती ॲसिटोनची. शिवाय हा आकडा बंद भांड्यात मोजला की उघड्या, यावरही बदलतो. उघड्यात तो बहुधा जास्त येतो. जीएचएसमध्ये २३ आणि ६० अंश या महत्त्वाच्या सीमारेषा आहेत. त्यामुळे नुसतं '६१' लिहून ठेवलं आणि चाचणी कोणती ते लिहिलं नाही, तर तो आकडा माझ्या उपयोगाचा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माहिती नसलेल्या रकान्याचं काय करायचं?

बहुतेक माल एक्सेलमधून येतो आणि एक्सेलमधला रिकामा रकाना आयात होताना पुष्कळदा शून्य होतो. फ्लॅश पॉइंटच्या जागी शून्य बसलं, तर साधं पाणीसुद्धा ज्वालाग्राही ठरतं. ते हास्यास्पद असल्यामुळे लगेच लक्षात येतं. विषारीपणाच्या रकान्यात नेमकं उलटं होतं. तिथे एलडी ५० हा आकडा असतो, म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील एवढी मात्रा, शरीराच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. तो जितका लहान तितकं विष जहाल. मिश्रणासाठी प्रत्येक घटकाच्या टक्क्यांना त्याच्या या आकड्याने भागतात, बेरीज करतात, आणि १०० ला त्या बेरजेने भागतात. रकान्यात शून्य असलं की भागाकार अडतो. मग प्रोग्रॅम अडू नये म्हणून कोणीतरी हुशारी करतं आणि ती ओळच वगळतं. झालं! ज्याच्याबद्दल काही माहिती नाही, तो घटक निरुपद्रवी ठरला.

आकडे घालून बघा. २० टक्के घटकाचा एलडी ५० आहे ५००. पाणी ५० टक्के. उरलेल्या ३० टक्क्यांची माहितीच नाही. ओळ वगळून हिशेब केला तर २० भागिले ५०० म्हणजे ०.०४, आणि १०० भागिले ०.०४ म्हणजे २५००. युरोपच्या नियमात २००० च्या वर गेलं की 'गिळल्यास अपायकारक' हे वाक्य लागत नाही. पण जीएचएस सांगतं, अज्ञात भाग १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो १०० मधून वजा करा. मग ७० भागिले ०.०४, म्हणजे १७५०. आता वाक्यही लागतं आणि उद्गारचिन्हाचं चित्रही. वर, इतके टक्के घटकांची विषारीपणाची माहिती नाही, हेही शीटवर स्पष्ट लिहावं लागतं. माल तोच, ड्रम तोच. फरक पडला तो 'माहीत नाही' हे 'माहीत नाही' म्हणूनच साठवल्यामुळे.

विक्री विभागाला हे आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. 'शेजारच्या कंपनीच्या लेबलवर चित्र नाही, आपल्याच का?' हा प्रश्न मी गुजराती, हिंदी, मराठी तिन्हींत ऐकला आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: रिपोर्ट आणा, आकडा भरते, चित्र गेलं तर गेलं.

आकडा फार लहान आहे म्हणूनही तो सोडता येत नाही. पाण्यातल्या रंगाला बुरशी लागू नये म्हणून मिथिलआयसोथायाझोलिनोन घालतात. युरोपात २०२० पासून त्याची मर्यादा ०.००१५ टक्के आहे. तेवढ्या प्रमाणाला मालावर त्वचेच्या ॲलर्जीचा इशारा छापावा लागतो. हेच प्रमाण पीपीएममध्ये १५ होतं. एकाने पीपीएममध्ये पाठवलं, दुसऱ्याने टक्के समजून भरलं, तर दहा हजार पटींची तफावत पडते. त्यामुळे आकडा, एकक, चाचणीची पद्धत, तारीख आणि माहिती कोणाकडून आली, हे पाच रकाने मी वेगळेच ठेवायला लावते.

ज्यांचे नातेवाईक इंदूर-भोपाळकडे आहेत त्यांच्या घरी २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र अजून बोलण्यात येते. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, गॅस शहरात पसरला, आणि दवाखान्यांत डॉक्टरांना नक्की कशावर उपचार करायचे हेच कळत नव्हतं. पुढे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम आले. एसडीएसचा नमुना त्यांच्या परिशिष्ट ९ मध्ये आहे. चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा गळतीचा. ही जीएचएसची मांडणी त्यानंतरची.

एक गोष्ट मला अजून खटकते. सॉफ्टवेअरमध्ये धोक्याची वाक्यं शब्दांत न साठवता संकेतांत साठवतात, जसं 'गिळल्यास अपायकारक' म्हणजे एच३०२. त्यामुळे एकाच नोंदीतून युरोपातल्या प्रत्येक देशाला त्याच्या भाषेत शीट जाते. जर्मनीच्या गोदामातल्या माणसाला जर्मन, पोलंडच्या माणसाला पोलिश. तोच ड्रम नंदेसरीत भरणारा माणूस दाहोदचा असतो किंवा ओडिशाचा, आणि त्याच्यासमोरचं लेबल बहुधा इंग्रजीत असतं. संकेत तयार आहेत, रकाना तयार आहे. गुजराती आणि ओडिया वाक्यं नीट तपासून भरायला दोन माणसं आणि काही आठवडे लागतील. तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी कामाला लागलात, तर पहिल्याच महिन्यात विचारा, आपल्या यादीत भाषा किती आहेत.