विमाने कोणी ठरवली?

‘ऊस, पाणी, वीज सोडून विमानांचे काय घेऊन बसलात?’ असा प्रश्न कसबा बावड्यातील एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हांस केला. प्रश्न रास्त आहे. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालापासून आहे. बावड्यातला शेतमजूर तेथून कधी उडाला असेल असे वाटत नाही. तथापि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून जानेवारी २०२२ पर्यंत एअर इंडिया त्याच्याही मालकीची होती. ती टाटांना देताना सुमारे ६१,५०० कोटी रुपयांच्या कर्जापैकी १५,३०० कोटींचा बोजा टाटांनी पत्करला. उरलेला, मालमत्तेसह, सरकारी कंपनीच्या, म्हणजे पर्यायाने त्याच मजुराच्या माथी आला.

हे कर्ज आभाळातून पडले नाही. जानेवारी २००४ मध्ये एअर इंडियाचा प्रस्ताव २८ विमानांचा होता. त्याच वर्षी केंद्रात सत्तांतर झाले, नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडे आले, मंत्रालयाने फेरविचार सुचविला आणि वर्ष संपण्यापूर्वी आकडा ६८ वर गेला. इंडियन एअरलाइन्सची ४३ धरून एकूण १११. पैसा बव्हंशी कर्जाचा. कारखान्याच्या वार्षिक सभेत बसणाऱ्या कोणाही सभासदाला यातली मेख समजेल. ऊस तेवढाच असताना गाळप क्षमता दुपटीने वाढवायची, यंत्रसामग्री कर्जाने आणायची, आणि हप्ते थकले की दोष कामगारांच्या पगाराला द्यायचा! महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात ही वाढ तपासणीत टिकत नसल्याचे नमूद केले आणि कर्जावर उभारलेली ही खरेदी मुळापासूनच संकटाला आमंत्रण देणारी होती, असा निष्कर्ष काढला.

खरेदी मंत्रिगट व मंत्रिमंडळ यांच्या मान्यतेने झाली, असा तिचा बचाव केला जातो, व तो वस्तुस्थितीला धरून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हे नोंदविले. त्यांपैकी भाड्याने घेतलेल्या विमानांच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये, गैरव्यवहाराचा पुरावा नाही म्हणून, तपास बंद करण्याचा अहवाल दिला. लाच सिद्ध झालेली नाही, हे आम्ही स्वच्छपणे लिहितो. परंतु आमच्या चळवळीने लाचेच्या शोधातच फार वर्षे घालवली. राजकीय दडपणाची पावती नसते. ‘फेरविचार व्हावा’ एवढी मंत्रालयाची सूचना अधिकाऱ्याला पुरते, आणि पुढची सर्व कागदपत्रे नियमानुसारच तयार होतात.

इंडियन एअरलाइन्सचेही तेच झाले. १९८४ मध्ये बोइंग ७५७ घेण्याचे जवळजवळ ठरले असताना राजीव गांधींच्या काळात निवड एअरबस ए-३२० वर गेली. १९९० मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळून विझला. आपले हातही कोरे नाहीत. १९७८ मध्ये जे. आर. डी. टाटांना अध्यक्षपदावरून तडकाफडकी दूर करणाऱ्या जनता सरकारात आपले नेते मंत्री होते. मंत्र्याने विमान कंपनी हवी तशी हाकू नये, हे तेव्हा आपणांस सुचले नाही.

‘म्हणूनच विकली ते बरे झाले’ असे म्हणणाऱ्यांना जपानचे स्मरण द्यावे. लॉकहीडची विमाने घेणारी ऑल निप्पॉन एअरवेज ही खासगी कंपनी होती. तरी त्या सौद्यातील लाचेपायी माजी पंतप्रधान तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली व १९८३ मध्ये शिक्षा. दूर कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हा पंतप्रधान मोदी आणि फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन दूरदृश्य समारंभाला हजर होते आणि बायडेन अमेरिकेतल्या दहा लाखांवर नोकऱ्यांचा हिशेब सांगत होते. फरक एवढाच, की या खरेदीवर महालेखापरीक्षकांचा अहवाल कधी येणार नाही आणि संसदेत प्रश्न विचारला तर ‘हा कंपनीचा विषय आहे’ असे उत्तर मिळेल.

एअर इंडिया गेली, एस.टी. अजून आपली आहे. गाड्या विकत घ्यायच्या की भाड्याने, किती आणि कोणाकडून, हे तेथेही ठरतच असते. अशा प्रत्येक व्यवहारात मंत्र्याची व मंत्रालयाची सूचना लेखी असावी आणि करारावर सही होण्यापूर्वी ती विधिमंडळापुढे ठेवली जावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या आगारातील कामगारांबरोबर बसून आताच लावून धरावी.