व्हिजिट व्हिसाचा पूर्वपक्ष

परदेशात प्रवेश करण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांविषयी आदिलाबाद जिल्ह्यात, तसेच २०१६ मध्ये त्यापासून वेगळ्या झालेल्या निर्मल, मंचेरियल आणि कुमरम भीम आसिफाबाद या जिल्ह्यांत, एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी मत मानत नाही, पक्के व्यवहारज्ञान मानतात. ते असे की नोकरीचा व्हिसा ही लांबची, खर्चाची आणि सरकारी कचाट्यातून जाणारी वाट आहे, तर व्हिजिट व्हिसा, म्हणजे पर्यटनासाठी किंवा नातलगांच्या भेटीसाठी मिळणारा अल्पमुदतीचा प्रवेशपरवाना, ही जवळची वाट आहे. एकदा दुबईत पाय टेकला की काम मिळते आणि काम मिळाले की कागद आपोआप होतात. या मताच्या अगदी उलट टोकाकडून येऊन त्यालाच बळ देणारे दुसरे मत शहरी अभ्यासकांत आढळते. परदेशी कामाला निघालेल्या मजुराची भारत सरकारने तपासणी करणे हाच मुळात त्याच्या स्वातंत्र्याचा अधिक्षेप आहे, म्हणून ती तपासणीच मोडीत काढावी, असे ते मत आहे. ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत मजुराच्या घरालाच मोजावी लागते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आखाताचा प्रश्न तेलुगू भाषकांपुरता आहे, अशी महाराष्ट्रात असलेली समजूत आधी बाजूला ठेवली पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि त्याच वेळी नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसाचा पट्टा आदिलाबादला जोडला गेला; त्यामुळे आज निर्मल जिल्ह्यात मोडणारा हा पट्टा आणि पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला व जैनद ही मंडळे येथे मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. कोरडवाहू काळ्या जमिनीतला कापूस वर्षातून एकदा पैसा दाखवतो आणि पावसाने दगा दिला तर तेवढाही दाखवत नाही. म्हणून १९७० च्या दशकातील तेलाच्या भाववाढीनंतर करीमनगर आणि निजामाबादकडच्या गावांनी धरलेली आखाताची वाट या भागातही परिचयाची झाली. मराठी भाषक मजुराला मात्र एक अडचण जास्तीची आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, एजंटाशी दखनी आणि सही करायचा करार इंग्रजी-अरबीत, अशा चार भाषांच्या मधून त्याला वाट काढावी लागते, आणि ज्या कागदावर त्याची पुढची दोन वर्षे ठरतात तो कागदच त्याला वाचता येत नाही.

पूर्वपक्षाकडे वळण्यापूर्वी कायद्याची मांडणी समजून घेणे आवश्यक आहे. उत्प्रवास, म्हणजे उपजीविकेसाठी देशाबाहेर जाणे, याचे नियमन १९२२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी आलेला १९८३ चा उत्प्रवास कायदा करतो. जी व्यक्ती दहावी उत्तीर्ण नाही आणि प्राप्तिकर भरणारे किंवा वयाची पन्नाशी ओलांडलेले अशा सवलतीच्या वर्गांत बसत नाही, तिचा पासपोर्ट ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, या प्रकारात मोडतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, इराक, मलेशिया यांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळामार्फत मिळते आणि ती मिळण्यासाठी मालकाचे नाव, कामाचा करार, ठरलेला पगार आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी या गोष्टी नोंदवाव्या लागतात. त्या विम्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये असून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत एजंटाला मजुराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

आता पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे, कारण दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही अर्थ नसतो. व्हिजिट व्हिसाचे समर्थक म्हणतात की हा मार्ग बेकायदा नाही. ऑक्टोबर २००७ पासून ईसीआर पासपोर्टधारकालाही नोकरीखेरीज अन्य कारणासाठी वैध पासपोर्ट, वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवून या देशांत जाता येते. शिवाय अमिरातीचा कायदा देशात असतानाच भेटीचा दर्जा बदलून नोकरीचा दर्जा घेण्याची मुभा देतो, आणि अशा रीतीने स्थिरावलेली माणसे गावोगावी दिसतात. उद्या मुदत उलटलीच तरी अमिरातीने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जाहीर केली तशी माफी निघते, आणि वाईटात वाईट घडलेच तर तेलंगण सरकार आखातात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ५ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देते.

यातील प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे आणि सर्वांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. दर्जा बदलता येतो हे खरे. परंतु तो बदलण्यासाठी मालकाला आधी कामाचा परवाना काढावा लागतो आणि तो हाती येईपर्यंत एक दिवसही काम करणे तेथील कायद्याने गुन्हा आहे. २०२४ च्या दुरुस्तीने तर विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंडाची तरतूद झाली. ही तरतूद मजुराच्या बाजूची आहे असे वरवर वाटते, पण तिचा परिणाम असा की कायदा पाळणारा, वेळेवर पगार देणारा मालक व्हिजिट व्हिसावरच्या माणसाला दारात उभे करीत नाही, आणि उरतो तो केवळ दंडाचा धोका पत्करणारा मालक, जो त्या धोक्याची भरपाई मजुराच्याच पगारातून करून घेतो. अशा मालकाने पगार बुडवला तर मजुराने तक्रार कोणत्या तोंडाने करावी? तक्रारीच्या पहिल्या ओळीतच स्वतःच्या गुन्ह्याची कबुली असते. मुदत संपल्यानंतर दिवसाला ५० दिरहम, म्हणजे महिन्याला दीड हजार दिरहम, दंड चढत जातो आणि परतीचे तिकीट हाताशी असूनही माणूस परतू शकत नाही. तेलंगणच्या खेड्यांत अशा निराधार अवस्थेतल्या माणसाला ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. माफी निघते तेव्हा हा दंड माफ होतो. बुडालेला पगार आणि एजंटाला व्याजाने काढून दिलेले पैसे कोणत्याही माफीत परत येत नाहीत.

याहून मोठी हानी भारताच्या बाजूला होते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विमानतळावर ‘पर्यटक’ म्हणून नोंद झालेल्या माणसाचा ई-मायग्रेटवर करार नसतो, मालकाचे नाव नसते, पगाराचा आकडा नसतो आणि विमाही नसतो. दोन वर्षांनी तो बांधकामावरून पडला तर भारताच्या दप्तरी तो अजूनही फिरायला गेलेला असतो. सानुग्रह साहाय्य स्वागतार्हच आहे. पण सानुग्रह म्हणजे शासनाच्या कृपेने मिळणारे, तर विमा हा २७५ रुपये भरून मिळवलेला हक्क आहे, आणि जो मेला नाही, केवळ कायमचा पांगळा होऊन परतला, त्यालाही तो हक्क आधार देतो. एजंट मात्र दोन्हीकडून मोकळा राहतो, कारण त्याने रोख घेतलेल्या पैशांची पावती नसते आणि आपण तर फक्त सहलीचे तिकीट काढून दिले असे म्हणण्याची त्याला सोय असते. म्हणजे जवळची म्हणवली जाणारी ही वाट ज्याला खरोखर जवळची पडते तो एजंट आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक प्रतिष्ठित आहे. त्याचे म्हणणे असे की शाळा कमी शिकलेल्या नागरिकाच्या पासपोर्टवर वेगळा शेरा मारणे म्हणजे त्याला दुय्यम ठरवणे होय. या आक्षेपात सत्याचा अंश आहे हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये ईसीआर धारकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचा विचार केंद्र सरकारने जाहीर केला आणि टीका झाल्यावर त्याच महिन्यात मागे घेतला. तो मागे घेणेच योग्य होते. ईसीआर गटातील स्त्रियांना वयाच्या ३० वर्षांआधी या देशांत कामाला जाण्याची परवानगी नाही, हा नियमही संरक्षणाच्या नावाने केलेला अन्याय आहे, कारण घरची गरज वय पाहून येत नाही आणि दार बंद झालेली स्त्री नेमकी व्हिजिट व्हिसाच्याच वाटेला ढकलली जाते. परंतु येथून ‘तपासणीच नको’ या निष्कर्षावर उडी मारणे तर्काला धरून नाही. सप्टेंबर २०२० मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आखाती देशांसाठीचे किमान शिफारस वेतन, म्हणजे ज्याच्या खाली करार मंजूर होत नाही तो पगाराचा आकडा, मोठ्या प्रमाणात खाली आणले. त्याविरुद्ध तेलंगणात असंतोष उसळला, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २०२१ मध्ये जुने आकडे पूर्ववत झाले. तपासणीच नसती तर लढण्यासाठी तो आकडाही नसता. जो मजूर स्वतः मालकाशी घासाघीस करू शकत नाही, त्याच्यासाठी राज्यसंस्थेने केलेली ती एकमेव घासाघीस आहे.

खरा दोष तपासणी असण्यात नसून ती चुकीच्या गोष्टीवर बेतलेली असण्यात आहे. कायदा माणसाची इयत्ता पाहतो, तो कोणत्या कामाला निघाला हे पाहत नाही. आज भैंसा किंवा बेल्याचा दहावी उत्तीर्ण तरुण सळई बांधायला किंवा गोदामात ओझी उचलायला गेला तर त्याला मंजुरी लागत नाही, आणि मंजुरी लागत नाही म्हणून त्याच्या कराराची, पगाराची, विम्याची सक्तीही उरत नाही. प्रमाणपत्राने त्याला सन्मान दिला आणि संरक्षण काढून घेतले. अशा तरुणांची नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे केंद्राने ठरवले होते, परंतु तो निर्णय अमलात येण्याआधीच स्थगित होऊन नोंदणी ऐच्छिक राहिली. त्यानंतर काय घडले ते म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांनी दाखवून दिले. थायलंडमध्ये चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेलेले शिकलेसवरलेले तरुण तेथून सीमेपार नेऊन डांबले गेले आणि मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणावे लागले, ज्यांत तेलंगणचेही तरुण होते. थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली आहे. व्हिसामाफी ही फिरण्याची मुभा आहे, कामाची नव्हे, एवढा एक भेद वेळेवर कोणी समजावून सांगितला असता तर त्यांतील अनेक घरांवरचा प्रसंग टळला असता.

म्हणून मंडनाचा पक्ष असा की तपासणी राहावी, पण तिचा भार मजुरावरून एजंटावर आणि मालकावर सरकावा आणि तिची सोय मजुराच्या जिल्ह्यात व्हावी. संरक्षण शिक्षणाशी नव्हे तर कामाच्या स्वरूपाशी जोडले जावे आणि स्त्रियांवरील वयाची अट उठावी. १९८३ च्या कायद्यात विनापरवाना भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि केवळ २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा हा आकडा आज कोणालाही भिववत नाही. नव्या कायद्याचे मसुदे परराष्ट्र मंत्रालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केले, पण त्यांची चर्चा दिल्ली-मुंबईच्या पलीकडे फारशी गेली नाही. आदिलाबादला टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आले. मग पासपोर्ट जेथे मिळतो तेथेच उत्प्रवास मंजुरीचा अर्ज भरून देणारा आणि करार मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडीत वाचून दाखवणारा एक कर्मचारी का असू नये? उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय हैदराबादला, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरवर आहे, आणि एजंटाचा माणूस गावातल्या चहाच्या टपरीवर बसलेला आहे. हे अंतर सरकारने तोडले नाही तर कायदा कितीही चांगला झाला तरी पहिला शब्द टपरीवरच्या माणसाचाच राहील.

तोवर ज्या घरातून कोणी आखाताकडे निघाले आहे त्या घराने पैसे देण्यापूर्वी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो ई-मायग्रेटवर आहे का हे गावातल्या शिकलेल्या मुलाकडून तपासून घ्यावे. व्हिसावर नोकरी हा प्रकार लिहिलेला आहे की भेट, हे दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे. कराराची प्रत आणि विम्याचा क्रमांक घरी ठेवून घ्यावा. यांतले एकही देण्यास जो एजंट टाळाटाळ करील, त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नये.