माकडतापाला सीमा नाही

सह्याद्रीच्या रानात माकडे मरून पडू लागली की मागोमाग माणसे तापाने फणफणू लागतात. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला हा माकडताप 2015 मध्ये सत्तरीतील पाली गावात आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात अवतरला. गोचिडीच्या चाव्यातून तो होतो आणि काजू वेचणारा, सरपण आणणारा कष्टकरीच त्याला प्रथम बळी पडतो.

गोचिडीला तपासणी नाके ठाऊक नसतात. आमची आरोग्य खाती मात्र आपापल्या हद्दीपुरतेच पाहतात. कर्नाटकाच्या हद्दीत मेलेल्या माकडाची वार्ता सत्तरीत वेळेवर पोचेल, याची शाश्वती कोण देणार?

हे काम विद्यापीठांनी अंगावर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. साथीच्या काळात मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राने राज्याबाहेरील नमुने तपासून मार्ग दाखवलाच आहे. परंतु साथीपुरते साहाय्य म्हणजे सिद्धता नव्हे. गोवा विद्यापीठ, गोवा वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि मणिपाल यांनी कायमचा करार करावा. गोचिडींची पाहणी, मेलेल्या माकडांची नोंद व रक्तनमुन्यांचे निष्कर्ष तिन्ही राज्यांना एकाच दिवशी कळावेत.

सरकारी खाती असताना विद्यापीठे कशाला, असे कोणी विचारील. खात्यातला अधिकारी बदलून जातो, साथ ओसरली की कागद बासनात गुंडाळले जातात. अभ्यासक मात्र वर्षानुवर्षे त्याच रानात जातो. रोग डिसेंबरपासून डोके वर काढतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय तोवर आपण सोडणार आहोत काय?