कुलूप लावता येईल अशी जागा



गेल्या महिन्यात देरासरच्या पायरीवर एका ओळखीच्या काकींनी मला थांबवलं. "घरात एवढं चांगलं चाललं होतं खाखऱ्याचं काम, आणि आता म्हणे खोली भाड्याने घेतलीस? पैसे जास्त झाले का गं?" त्या हसत बोलल्या, मीही हसले. पण हाच प्रश्न मला वर्षभरात निदान पंधरा जणींनी विचारला आहे. काही जणींच्या मनात तो स्वतःसाठीच आहे, हेही मला कळतं. कुणी मुखवास करते, कुणी मसाले, कुणी ब्लाऊज शिवते, कुणी साड्या विकते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या कामाला संध्याकाळी कुलूप लावता येत नाही, ते काम हळूहळू सगळं घर खातं. कमाई फार वाढेपर्यंत थांबू नका. घर आक्रसायला लागलं की काम बाहेर न्या. मात्र सगळं नेऊ नका, त्याबद्दल शेवटी सांगते.

माझं काम नऊ वर्षांपूर्वी सुरू झालं. खाखरा, मेतकूट आणि कुळथाचं पीठ. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही. पाकिटावर तारीख टाकतेच, पण आपल्या घरांसाठी खाखऱ्याचा काळही लिहिते: पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. सुरुवातीला एक तवा, एक दट्ट्या, मी आणि सासूबाई. मग दुसरा तवा आला, मग आळीतल्या दोघीजणी लाटायला येऊ लागल्या. माजघरात पिठाचे डबे, पलंगाखाली पाकिटांचे गठ्ठे, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पिशव्या सील करायचं यंत्र. मुलगी दहावीचा अभ्यास जिन्यात बसून करत होती आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं, 'किती समजूतदार आहे' म्हणून. आज त्याची लाज वाटते.

डोळे उघडले ते एका जूनमध्ये. मृग लागून गेला होता, आर्द्रा लागायला आठवडा होता. घरोघरी शेवटचे आंबे संपवायची घाई, कारण आर्द्रा लागली की आपल्याकडे आंबा बंद. चातुर्मासाच्या ठिकाणी विहार करत निघालेल्या साध्वीजी दोन दिवसांसाठी उपाश्रयात उतरल्या होत्या. पाऊस पडत असताना त्या गोचरीला निघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळपासून धार लागलेली, ती साडेदहाला थांबली. आणि दारात आवाज आला, "धर्मलाभ".

मैत्रिणींनो, त्या वेळी माझ्या ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत चादरी अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर धुतलेले कुळीथ पसरलेले होते. बाहेर पाऊस, म्हणून पंख्याखाली वाळत घातलेले. पाय ठेवायला जागा नव्हती. सचित्त धान्य ओलांडून साध्वीजी आत येणार कशा? मी धावत चादर ओढायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी काही हलवू नका." आपल्यासाठी गृहस्थाने सचित्त हलवावं, हाही त्यांना दोषच. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजीची रेघसुद्धा नव्हती. त्या शांतपणे पुढच्या घरी गेल्या.

आत गॅसवर डाळ-भात तयार होता. डब्यात खाखरे होते, शेकड्याने होते. सगळ्या रत्नागिरीला खाखरा पुरवणाऱ्या घरातून पात्र रिकामं गेलं.

त्या दिवशी मी कामाला दोष दिला, पावसाला दोष दिला. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की दोष माझ्या हिशेबात आहे. मी म्हणत होते, 'घरात काम केलं की भाडं वाचतं'. भाडं वाचत नव्हतं, ते घर भरत होतं. मुलीने जिना दिला, नवऱ्याने जेवायची जागा दिली, सासूबाईंनी दुपारची झोप दिली, मी सामायिकाची ४८ मिनिटं दिली. वहीत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून नफा मोठा दिसत होता.

आणखी एक गोष्ट. घरातल्या कामाला वेळेचं बंधन नसतं. दिवसा राहिलं ते रात्री जेवणं आटोपल्यावर. आमचा चौविहार सूर्यास्ताला सुटायचा नाही, पण पाकिटं भरणं अकरापर्यंत चालायचं. कोकणातल्या पावसाळ्यात ट्यूबलाइट लावली की पंखवाले किडे किती येतात, ते तुम्हाला सांगायला नको. परातीत पडायचे. मी चाळून घ्यायचे, चाळताना डोळे मिटून घ्यायचे. तोंडाने जयणा म्हणायची आणि हाताने हे करायचं! दिवसा, उजेडात, ठरल्या वेळेत काम करणं ही आपल्यासाठी नुसती सोय नाही, आपल्या आचाराचा भाग आहे.

आता जागेचं सांगते. आधी मिरजोळे एमआयडीसीत चौकशी केली. तिथले गाळे माझ्या कामाला मोठे, आणि कामावर येणाऱ्या दोघींना रोजचं येणं-जाणं लांब. शेवटी नाचणे रस्त्यावर एका घराच्या तळमजल्याची खोली मिळाली, बारा बाय चौदा फुटांची. जांभ्याच्या भिंती, दोन खिडक्या, स्वतंत्र नळ. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी केल्या: नळाला गळणं बांधलं आणि खिडक्यांना जाळी मारली.

हिशेब उघडच सांगते, कारण आपण बायका एकमेकींना पाककृती देतो, पण आकडे देत नाही. भाडं ६,००० रुपये आणि वीज, पाणी, झाडलोट धरून आणखी २,०००. म्हणजे महिन्याला ८,००० रुपये नवीन खर्च. माझं पाकीट ८० रुपयांना, त्यात सामान, गॅस, मजुरी ४५ रुपये. उरतात ३५. आठ हजार भरून काढायला महिन्याला साधारण २२९ पाकिटं जास्त विकायला हवीत, म्हणजे कामाच्या दिवसाला नऊ. हे बघून मी दोन महिने घाबरून गप्प बसले होते. मग पाकीट ९० रुपयांचं केलं. आता उरतात ४५, आणि दिवसाला सातच जास्त पाकिटं लागतात. दहा रुपयांसाठी काही गिऱ्हाइकं सोडून गेली, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा लक्षात आलं, की आधीची ८० ही किंमत खरी नव्हतीच. माझे आणि सासूबाईंचे हात फुकट धरून काढलेली ती किंमत होती.

कागदपत्रांना घाबरू नका. खाद्यपदार्थ घरात करा की गाळ्यात, एफएसएसएआयची नोंदणी लागतेच. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. ही नोंदणी जागेला धरून असते, त्यामुळे जागा बदलली की कागद नव्याने करावे लागतात. हे मी विसरले होते आणि धावपळ झाली. उद्यम नोंदणी फुकट आहे. मी खोली घेतली तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरत होती. भाडेकरार करताना विजेचं मीटर कोणत्या दराचं आहे, हे आधी विचारा. घरगुती मीटरवर धंदा चालवून पुढे कटकट नको. तेव्हा केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांच्या खर्चाला ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं. बचत गटातल्या बायकांना याच योजनेत ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय होती. मी कर्ज घेतलं नाही. माझ्या परिग्रह-परिमाणात ते बसत नव्हतं. तुमचं तुम्ही ठरवा.

"घराबाहेर नेलं की धंदा वाढतो, वाढला की हाव वाढते, मग गृहस्थधर्म कुठे राहिला?" असंही एकीने मला विचारलं. प्रश्न चांगला आहे. आपल्या घरांमधून मोठे झालेले धंदे आहेतच. पुण्याचे हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया यांनी १९६२ मध्ये घरच्या मसाल्यापासून सुरुवात केली, आज 'प्रवीण मसालेवाले' हे नाव महाराष्ट्रभर आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण प्रत्येकीला तेवढं मोठं व्हायचं नसतं, आणि न होणं हे अपयश नाही. जागेला चार भिंती असल्या की मर्यादा घालणं उलट सोपं जातं. माझ्या खोलीत चार तवे मावतात. पाचवा मावत नाही, म्हणून पाचव्या तव्याची ऑर्डर मी घेत नाही. घरात असताना मात्र मी म्हणायचे, 'अजून एक पलंगाखाली बसेल'.

आता ते शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांना थोडी थोडी माहीत असते. १५ मार्च १९५९ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी, उसन्या ८० रुपयांवर सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला: पापड खाटेवर, खाली स्टोव्ह. आपल्या कोकणातल्या कुठल्याही बाईला हे वाचून हसू येईल, कारण आपण सगळ्यांनी हेच केलेलं आहे. पण माझं लक्ष गेलं ते पुढच्या रचनेकडे. काम वाढल्यावर त्यांनी सगळं एका कारखान्यात कोंडलं नाही. पीठ भिजवून मळणं शाखेत. सकाळी बायका शाखेत येऊन पिठाचे गोळे नेतात, पापड घरी लाटतात आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणून देतात. वजनाचं, यंत्राचं, साठवणीचं काम बाहेर आणि हाताचं काम घरी. घर सोडता येत नाही अशा हजारो बायकांच्या हाती त्यामुळे स्वतःची कमाई आली. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मी हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. मी एका रविवारी सगळं उचललं. तवे, डबे, यंत्र, पाट, अगदी सासूबाईंची निवडायची सुपंसुद्धा. घर आरशासारखं झालं. मी खूश. आठवड्याने सासूबाई म्हणाल्या, "घरात आवाज नाही गं आता." त्या ७४ वर्षांच्या. लाटायला येणाऱ्या दोघींशी बोलण्यात त्यांची दुपार जायची, मिठाचं प्रमाण त्या सांगायच्या, पहिला खाखरा त्यांच्या हातात जायचा. मी काम हलवलं, त्याबरोबर त्यांचं स्थान हलवलं, आणि विचारलं नाही. भाड्याच्या हिशेबात हा आकडाही मी धरला नव्हता.

खोलीवर यायला त्यांनी नकार दिला. दोन पायऱ्या उंच आहेत, हे कारण. खरं कारण मला माहीत आहे. आता मसाल्याचं मिश्रण त्या घरी करतात. ओवा, जिरं, हिंग, मिरी यांचं वजन त्यांच्या ताब्यात. सकाळी मी त्यांच्या हातचा डबा घेऊन निघते आणि दुपारी दोन खाखरे चवीला घरी पाठवते. त्यांनी 'बरं आहे' म्हटल्याशिवाय त्या दिवसाची पाकिटं सील होत नाहीत. यामुळे सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. दुपार त्यांना अजून लांब वाटते. रस्त्यातून कुणी हाक मारली तर उठून ओटीवर येतात. शेजारच्या मैत्रिणींनो, जाता-येता डोकावत जा.

म्हणून जागा बदलायच्या आधी दोन याद्या करा. बाहेर काय जाईल: आग, वजन, यंत्र, कच्चा माल, रात्र. घरी काय राहील: ज्यावर कुणाचा तरी मान उभा आहे, ते. दुसरी यादी एकटीने करू नका. घरातल्या माणसांना समोर बसवून करा.

खोलीला मी साडेपाचला कुलूप लावते. घरी येऊन सूर्यास्ताच्या आत आम्ही सगळे एकत्र जेवतो. मुलगी आता टेबलावर अभ्यास करते; दहावी तर जिन्यातच गेली, बारावी टेबलावर जाईल. ओटी मोकळी असते. या चातुर्मासात साध्वीजी आपल्या उपाश्रयात आहेत. दोनदा आमच्या दारी आल्या, आत आल्या, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वहोरावलं. मी तेव्हा दोन्ही वेळा खोलीवर होते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, किंवा कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.