ताई, तुम्ही बँकेच्या की आमच्या?

वाकडच्या एका भाड्याच्या घरात सतरंजीवर कागद पसरून मी एका नर्सबाईंची गृहकर्जाची फाईल लावत होते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, करारनामा, इंडेक्स टू. त्यांचे यजमान बराच वेळ नुसते बघत होते. चहाचे कप उचलता उचलता त्यांनी विचारलं, ‘‘ताई, तुम्ही बँकेच्या की आमच्या?’’

मी ‘तुमचीच’ म्हणाले. आणि घरी येईपर्यंत ते उत्तर मला बोचत राहिलं. पुण्यात एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे. कर्जदाराला बँक निवडायला मदत करते, कमी दराची बँक दाखवते, फाईल अडली की शाखेच्या पायऱ्या झिजवते. पण माझा करार बँकेशी आहे, कर्ज वाटप झालं की पेआउट बँक देते. कागदावर मी बँकेची एजंट आहे. त्या माणसाला खरं उत्तर द्यायचं तर माझ्या धंद्यात ते अजून कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

म्युच्युअल फंड विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, एआरएन क्रमांक घ्यावा लागतो. विमा एजंटालाही परीक्षा आहे. कर्ज आणून देणाऱ्याला काय असतं? बँकेने दिलेला कोड. त्या कोडाच्या सावलीत आणखी पाच-सात माणसं काम करतात, ज्यांना स्वतःचा कोड नाही आणि ज्यांचं नाव बँकेला ठाऊक नाही. त्या नर्सबाईंच्या मैत्रिणीची फाईल अशाच एकाने केली होती. अठरा हजार रुपये ‘फाईल चार्ज’ म्हणून रोख घेतले, पावती नाही. कर्जाच्या रकमेत विम्याचा एकरकमी हप्ता मिसळला. तो त्यांना कळला तो वर्षभराने, स्टेटमेंट काढल्यावर. बँक म्हणाली, हा आमचा माणूस नाही. कोडवाला म्हणाला, तो माझ्याकडून केव्हाच गेला. बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते. पण त्या माणसाचं काय करायचं? तो दुसऱ्या कोडावर, दुसऱ्या शाखेत, तेच काम करत होता. त्याला ‘तू आमच्यात नाहीस’ असं सांगायला या धंद्यात कुणी बसलेलंच नाही.

आम्ही एजंटांनी संघटना करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर जण जमलो होतो. दोन तास बोलणं झालं. पेआउट तीन-तीन महिने अडकतं, आपण आणलेलं गिऱ्हाईक शाखेतला माणूस थेट आपल्या नावावर घेतो, कर्ज लवकर फिटलं की दिलेलं कमिशन परत कापलं जातं. ऑक्टोबर 2024 पासून कमिशनवरचा टीडीएस 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आला, त्याबद्दल टाळ्याही झाल्या. ही सगळी गाऱ्हाणी खरी आहेत, माझीही आहेत. शेवटी मी उठून म्हणाले, आपल्यातल्या कुणाविरुद्ध गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ती ऐकायला एक समिती नेमूया. हॉलमध्ये शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ सहकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘मॅडम, आधी सभासद वाढू देत. आत्ताच असले नियम केले तर कोण येईल?’’

मला नेमकं उलट वाटतं. नियम नसतील तर आलेल्या माणसांचा उपयोग काय? आणि याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, ते मुंबईतच आहे.

1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, मुंबईच्या कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर शेअर्सचा फुगाही फुटला. दलाल म्हटलं की लोक तोंड फिरवू लागले. त्याआधीपासून टाऊन हॉलजवळच्या झाडांखाली जमणाऱ्या या दलालांनी दहा वर्षांनी, 9 जुलै 1875 ला, आपली संघटना बांधली: नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. प्रवेश फी एक रुपया, सभासद 318. तिच्या उद्देशात दलालांच्या हिताबरोबर त्यांच्या चारित्र्याचा आणि प्रतिष्ठेचाही उल्लेख होता. पत गमावलेल्या माणसांनी आधी पत कमवायचं ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं. तीच संघटना पुढे मुंबई शेअर बाजार झाली. 1957 मध्ये तिला सरकारची कायमची मान्यता मिळाली. फिरोज जीजीभॉय 1966 पासून 1980 मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष होते, आज दलाल स्ट्रीटवरचा मनोरा त्यांच्या नावाने उभा आहे.

पण तिच्या रचनेत एक दोष राहून गेला होता. बाजार चालवणारे आणि बाजारात खेळणारे एकच होते. 1992 च्या घोटाळ्याने तो दोष उघडा पाडला, तरी कारभार दलालांच्याच हाती राहिला. मार्च 2001 मध्ये देखरेख विभागाकडून माहिती घेतल्याच्या आरोपावरून अध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि सेबीने दलाल संचालकांना मंडळावरून दूर केलं. 2005 मध्ये बाजाराची कंपनी झाली, मालकी आणि व्यवहाराचा हक्क वेगळे झाले. एका रुपयाच्या वर्गणीतून सव्वाशे वर्षं वाढवलेल्या संस्थेवरचा ताबा दलालांच्या हातून गेला. सभासद कमी पडले म्हणून गेला नाही. स्वतःच्या माणसाला स्वतः आवरण्याची व्यवस्था वेळेत बदलली नाही, म्हणून गेला.

जिला खरोखर कर्जदलालांची संघटना म्हणता येईल ती मला ऑस्ट्रेलियात दिसते. माझा मावसभाऊ मेलबर्नला हेच काम करतो, त्यामुळे तिकडच्या घडामोडी मी गेली काही वर्षं जवळून वाचते. तिथे या व्यवसायाच्या दोन मोठ्या संघटना आहेत. मॉर्गेज अँड फायनान्स असोसिएशन ही एक, आणि पीटर व्हाइट यांनी दीर्घकाळ नेतृत्व केलेली फायनान्स ब्रोकर्स असोसिएशन ही दुसरी. बँकांच्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती केनेथ हेन यांच्या आयोगाचा अहवाल 4 फेब्रुवारी 2019 ला जाहीर झाला. दलालाला पैसे बँकेने नव्हे, कर्जदाराने द्यावेत, आणि कर्ज चालू असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन आधी बंद करावं, अशी त्यात शिफारस होती. सरकारने ते कमिशन नव्या कर्जांवर बंद करायचं मान्यही केलं. दलालांचं पोट त्यावर. दोन्ही संघटना रस्त्यावर उतरल्यासारख्या लढल्या आणि पाच-सहा आठवड्यांत सरकारने पाऊल मागे घेतलं.

आमच्याकडे ही गोष्ट सांगितली की सगळे इथेच थांबतात: एकी असली की सरकार झुकतं. पुढचा भाग कुणी ऐकत नाही. 1 जानेवारी 2021 पासून तिथल्या गृहकर्ज दलालावर कर्जदाराचं हित सर्वांत आधी बघण्याचं कायदेशीर बंधन आलं. बँक आणि कर्जदार यांच्या हितात टक्कर झाली तर कर्जदाराची बाजू धरायची. संघटनांनी ते ओझं स्वीकारलं, सभासदांना त्यासाठी तयार केलं. परवाना तर आधीच सक्तीचा होता. दलालाविरुद्ध जिच्याकडे तक्रार करायची ती यंत्रणा आहे, आणि तिचं सभासदत्वही सक्तीचं. हेन यांच्या अहवालाच्या वेळी निम्म्याहून जास्त नवी गृहकर्जं दलालांमार्फत जात होती. आज ते प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेलं आहे. बंधन आलं म्हणून लोक दूर गेले नाहीत. वाकडच्या त्या प्रश्नाला मेलबर्नचा माझा भाऊ एका शब्दात उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर कायद्यात छापलेलं आहे.

इथे ते केव्हा येईल याची वाट बघत बसायला मी तयार नाही. ऑक्टोबर 2024 पासून बँकेला प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, कर्जाचा सगळा खर्च धरून वार्षिक दर त्यात येतो. चांगलंच झालं. पण मला त्या कर्जावर बँकेकडून किती मिळणार, हे त्यात नसतं. ते सांगायला कायदा लागत नाही. मी गेल्या दिवाळीपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत आकडा लिहून देते. एकही गिऱ्हाईक त्यामुळे गेलं नाही. दोघांनी उलट आपल्या नातेवाइकांना माझ्याकडे पाठवलं.

पुढच्या महिन्यात आमची बैठक पुन्हा आहे. अध्यक्षपदासाठी ज्यांचं नाव पुढे आहे, त्यांचा महिन्याचा धंदा आमच्यात सर्वांत मोठा आहे, आणि ते नाव पुढे येण्याचं कारणही तेच आहे. मी विरोध करणार आहे. माणूस वाईट नाही, पण ज्याच्या कोडाखाली तीस माणसं काम करतात त्याने त्याच तीस माणसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायच्या, हे दलाल स्ट्रीटवर एकदा होऊन गेलं आहे. तक्रार समितीत निम्मी माणसं बाहेरची हवीत: एखादा निवृत्त बँक अधिकारी, एखादी वकील, ग्राहक पंचायतीचं कुणी. अध्यक्षाला दोन वर्षांची मुदत हवी. बिनकोडाच्या प्रत्येक माणसाचं नाव सार्वजनिक यादीत हवं, आणि ज्याने रोख पैसे घेतले त्याचं नाव त्या यादीतून काढलेलंही लोकांना दिसायला हवं. सभासद साठाचे चाळीस झाले तरी मला चालतील.

आणि तुम्ही, जे यंदा घर घेणार आहात, तुमच्या दारी फाईल न्यायला जो येईल त्याला तीन गोष्टी विचारा. कोड कुठल्या बँकेचा आहे? तो तुमच्याच नावावर आहे का? या कर्जावर तुम्हाला किती मिळणार? तिन्ही उत्तरं लेखी घ्या, आणि मिळेपर्यंत एकाही कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.