न भरणारी टाकी
श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या शनिवारच्या बाजारात दात पाहिल्यावाचून आणि चार पावले चालवून घेतल्यावाचून बैलाचा सौदा न करणारा चोखंदळ शेतकरी स्वतःच्या घरामागील सेप्टिक टाकीचे झाकण मात्र बांधकामानंतर एकदाही उघडून पाहत नाही. उलट ‘आमची टाकी पंधरा वर्षांत भरली नाही’ असे अभिमानाने सांगतो, आणि ऐकणाराही गवंड्याची तारीफ करतो.

वस्तुतः हे विधान चिंतेचे आहे. नीट बांधलेली टाकी थोड्याच दिवसांत बाहेरच्या नळीपर्यंत पाण्याने भरते आणि सदैव तशीच राहते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू मैल्याचे विघटन करीत असता मधले निवळलेले पाणी तेवढे शोषखड्ड्यात जाते. जंतूंचे हे कार्य अखंड चालले तरी गाळ निःशेष होत नाही. म्हणून जी टाकी कधीच ‘भरत’ नाही, तिचा तळ बहुधा कच्चा असतो, नाहीतर साचलेला गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात किंवा गटारात वाहून जात असतो. आपल्याकडच्या काळ्या चिकण जमिनीत गाळाने बुजलेला शोषखड्डा पुन्हा पाणी घेणे दुरापास्त; आणि खाली मुरूम लागला की तेच मैलापाणी शेजारच्या विहिरीचा मार्ग धरते.

गाळ मोजणे अवघड नाही. लांब काठीस जुने पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत उभी सोडावी आणि थोड्या वेळाने वर काढावी. काळा डाग जेथवर चढला तेथवर गाळ. गाळ व साय मिळून तृतीयांश खोली व्यापली की उपसा करावा. मात्र झाकणाजवळ विडीकाडी नको, वाकून डोकावणे नको, आणि आत तर कोणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच लोपते व माणसास सावध होण्यास अवधी मिळत नाही. संरक्षणावाचून माणूस टाकीत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. थोडी मजुरी वाचावी म्हणून कोणाचा जीव पणास लावणे हा, माझ्या मते, कायद्याआधी माणुसकीचा गुन्हा आहे.

परंतु हा मामला एकेका घरमालकाच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. वाई आणि सिन्नर येथील नगरपालिकांनी, कोणी तक्रार घेऊन येण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसण्याची पद्धत घातली. काष्टीच्या ग्रामपंचायतीनेही घरपट्टीच्या दप्तरात टाकीचे माप, तळ पक्का की कच्चा आणि शेवटच्या उपशाची तारीख यांचे रकाने वाढवावेत, व खर्च दरसाल घरपट्टीबरोबर थोडाथोडा वसूल करावा, म्हणजे गरिबावर एकदम बोजा पडणार नाही. मैला कोठे रिता करावयाचा याचा बंदोबस्त श्रीगोंद्याच्या नगरपालिकेशी बोलून आधी व्हावा, मगच उपशाची गाडी बोलवावी. कारण इकडे ओढ्यात ओतलेला मैला भीमेवाटे उजनीच्या जलाशयात जातो, आणि सोलापूर शहर ते पाणी पिते.