गाडी विजेची, प्लग कुणाचा?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एक प्रश्न सतत असतो: इलेक्ट्रिक कार घ्यावी का? पत्रात बजेट असतं, रोजचं अंतर असतं, दोन-तीन मॉडेलांची नावं असतात, बॅटरीची धास्ती असते. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. माझ्या मते निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच दडलेलं आहे. ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा प्लग आहे, त्याला ही गाडी आज परवडू शकते. ज्याच्याकडे तो नाही, त्याने शोरूममध्ये कितीही घासाघीस केली तरी पुढे महिन्याचा हिशेब जुळत नाही.

हिशेब मांडूनच पाहू. महिन्याला हजार किलोमीटर धरा. मुंबई-पुण्याच्या गर्दीत छोटी एसयूव्ही लिटरला पंधरा किलोमीटर देते, पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास. म्हणजे महिन्याला सात हजार रुपये पंपावर जातात. त्याच आकाराची विजेची गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, युनिटला साडेसहा-सात किलोमीटर चालते. तिला दीडशे युनिट लागतील. चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेतला आणि युनिट सगळं मिळून दहा रुपयांना पडलं, तर खर्च दीड हजार. साडेपाच हजारांची बचत, वर्षाला सहासष्ट हजार. इथवरचा हिशेब शोरूममधला सेल्समनही सांगतो, आणि तो खरा आहे.

पण हाच माणूस सार्वजनिक फास्ट चार्जरवर अवलंबून असेल, तर त्याला युनिटमागे वीस ते पंचवीस रुपये मोजावे लागतात. जीएसटी धरून दीडशे युनिटांचे तीन ते पावणेचार हजार होतात. आता शेजारी सीएनजी ठेवून बघा. मुंबईत किलोला ऐंशी रुपयांच्या आसपास दर आणि किलोला बावीस किलोमीटर धरले, तर हजार किलोमीटरला साडेतीन हजारांहून थोडे जास्त लागतात. म्हणजे घरी प्लग नसलेल्या माणसाची विजेची गाडी सीएनजीच्याच भावात चालते, आणि ती विकत घेताना मात्र दीड-दोन लाख जास्त मोजलेले असतात. त्या पैशांची वसुली कधी होणार? होणारच नाही. विजेच्या गाडीची तुलना सगळेजण पेट्रोलशी करतात, पण मध्यमवर्गीय घरात तिची खरी स्पर्धा सीएनजीशी आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी तो रकाना आधी भरावा, अशी माझी विनंती आहे.

गाडीच्या किमतीबद्दल थोडक्यात. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन्हींच्या किमतीतलं आधी जे अंतर कमी होत चाललं होतं ते पुन्हा रुंदावलं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला वाहनकर अकरा-बारा टक्के बसतो आणि विजेच्या गाडीला तो माफ आहे, हा मोठा आधार. दहा-अकरा लाखांच्या गाडीवर लाख-सव्वा लाख इथेच वाचतात. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यातही पंधरा टक्के सवलत मिळते. हे सगळं धरून सारख्या सोयींच्या पेट्रोल आणि विजेच्या गाडीत रस्त्यावर येईपर्यंत साधारण दोन लाखांचा फरक उरतो. घरी प्लग आहे, महिन्याला हजार किलोमीटर होतात, तर तीन वर्षांत पेट्रोलशी हिशेब बरोबरीत येतो. पाचशेच किलोमीटर होत असतील तर सहा वर्षं लागतील. गाडी फक्त रविवारी बाहेर काढणाऱ्याने केवळ पैसे वाचवण्यासाठी विजेच्या गाडीकडे वळू नये.

बॅटरीची धास्ती मला इतकी पटत नाही. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात, आणि आपल्यातले बरेच जण त्याआधीच गाडी बदलतात. जुनी गाडी विकायला काढल्यावर भाव कमी येतो, ही तक्रार मात्र खरी आहे. ती हिशेबात धरलीच पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्लग.

काही दिवसांपूर्वी कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीची मीटर रूम पाहायला गेलो होतो. तिथल्या एका सभासदाने गाडी बुक केली होती आणि कमिटीने ना हरकत पत्र अडवून धरलं होतं. जिन्याखालची अंधारी खोली, लाकडी फळीवर ओळीने मीटर, त्याखाली चिनी मातीचे जुने कटआउट, कोपऱ्यात कुणीतरी ठेवलेल्या रंगाच्या रिकाम्या बादल्या. सोबतच्या वायरमनने बॅटरी मारून मुख्य केबलच्या जोडाकडे बोट दाखवलं. तिथलं आवरण तपकिरी पडलं होतं. तो म्हणाला, “साहेब, ही बिल्डिंग झाली तेव्हा घरटी एक फ्रीज होता. आता बेडरूमगणिक एसी आहे. गाड्या येवोत न येवोत, ही केबल बदलायलाच झालीय.” कमिटीचे सचिव शेजारीच उभे होते. निवृत्त गृहस्थ, कुणाचं वाईट चिंतणारे नव्हेत. त्यांना एवढंच वाटत होतं की उद्या आग लागली तर जाब त्यांना विचारतील. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते खरोखरच धोक्याचं आहे.

पण धोका कशाने होतो ते नीट समजून घ्यायला हवं. मीटरपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची स्वतंत्र केबल, तिला स्वतःचा एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर आणि धड अर्थिंग, एवढं परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतलं तर घरातल्या गिझरपेक्षा वेगळं असं तिथे काही उरत नाही. परवानगी नाकारली की माणूस गाडी घ्यायचं थांबवत नाही, खिडकीतून वायर सोडतो. म्हणून नकार देणारी कमिटी सुरक्षित राहते, हा समज चुकीचा आहे.

दुसरी हरकत लोडची. “दहा गाड्या एकदम लावल्या तर बिल्डिंगची वीज जाईल,” हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येतं. शहरात गाडी दिवसाला सरासरी पस्तीस किलोमीटर फिरली तर तिला पाच-सव्वापाच युनिट लागतात. साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर, तीन किलोवॉटच्या वेगाने, ती भर दोन तासांच्या आत होते. मे महिन्यात रात्रभर चालणारा बेडरूमचा एसी याहून जास्त युनिट खातो. गाडी मात्र रात्री नऊ ते सकाळी सात उभी असते, त्या दहा तासांत तिला दोनच तास हवे असतात. पाळी लावली, किंवा वेळ आपोआप वाटून घेणारे चार्जर बसवले, तर पाच गाड्या एकाच गाडीच्या लोडमध्ये भागतात. सोसायटीतल्या प्रत्येकाला सात किलोवॉटचा चार्जर हवा, हा आग्रहच अनाठायी आहे. तो विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे, राहणाऱ्यांच्या नाही.

आणि मीटर वेगळाच घ्यावा. महावितरणच्या घरगुती दराला शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा पायऱ्या आहेत. अडीचशे युनिटवर असलेल्या घरात गाडीचे दीडशे युनिट मिसळले की ते कुटुंब वरच्या पायरीवर जातं आणि त्यातल्या बहुतेक युनिटांना चढा दर लागतो. वाहन चार्जिंगसाठी वीज कंपन्यांचा स्वतंत्र दर आहे, तो यापेक्षा बराच कमी पडतो. बचतीचा वरचा सगळा हिशेब या एका अर्जावर उभा आहे आणि गाडी विकताना तो कुणी सांगत नाही.

सरकारी कागद तसे अनुकूल आहेत. घरच्या किंवा ऑफिसच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्राचं २०२५ चं विद्युत वाहन धोरण २०३० पर्यंत लागू आहे. नव्या निवासी इमारतींच्या सर्व पार्किंगमध्ये चार्जिंगची पूर्वतयारी असावी, असं ते म्हणतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या गाड्यांना टोलमाफीही त्यात आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. मुंबईला वरचेवर ये-जा करणाऱ्या पुणेकराला ही माफी फार मोलाची आहे, कारण द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये आहे. मला खुपतं ते असं की नव्या इमारतींची काळजी वाहिली गेली, पण राज्यातली लाखो कुटुंबं राहतात त्या जुन्या सोसायट्यांचा सगळा भार कमिटीच्या मर्जीवर सोडला गेला. सहकार खात्याने आदर्श उपविधींमध्ये एक सुस्पष्ट कलम घालावं: सुरक्षेच्या अमुक अटी पूर्ण केल्या की ठरावीक मुदतीत ना हरकत द्यायलाच हवी. टोलमाफीपेक्षा या एका कलमाने जास्त गाड्या रस्त्यावर येतील असं मला ठामपणे वाटतं.

भाडेकरूंचं काय? त्यांची अडचण मोठी आहे. घरमालक केबलचा खर्च करणार नाही आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस तो स्वतःच्या खिशातून करायला धजावत नाही. गिरगावातल्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेत गाडी रस्त्याच्या कडेला लावणाऱ्यांना तर प्लग टाकायला स्वतःची भिंतच नाही. महापालिकांनी रात्रीच्या वेळी संथ गतीने चार्ज करणारे स्वस्त पॉइंट रस्त्यालगत दिल्याशिवाय या लोकांनी विजेची गाडी घेऊ नये, असंच मी आज सांगेन. यांत्रिक पार्किंगमध्ये वरखाली होणाऱ्या गाड्यांचाही प्रश्न तितकाच अवघड आहे.

म्हणूनच मला वाटतं, ही गाडी मुंबईच्या टॉवरपेक्षा सांगली, सातारा, नाशिक, जळगावच्या अंगण असलेल्या घराला जास्त शोभते. जाहिराती सगळ्या महानगरांच्या असतात. पण साताऱ्याच्या शिक्षक दाम्पत्याकडे स्वतःचा गेट असतो, स्वतःची गच्ची असते, रोजचं वीस-तीस किलोमीटर ठरलेलं असतं. ना हरकत कुणाकडे मागायची नाही. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि असा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. गाडीला त्यातले पाच पुरतात. अशा घराला मी बेधडक ‘घ्या’ म्हणतो.

दिवसाच्या उन्हाचा आणखी एक धागा आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत देतं, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. पण नेमकी त्याच वेळी नोकरदाराची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असते. हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या कंपन्यांनी तिथे साधे सॉकेट दिले, वेगवान नको, साधेच, तर घरी प्लग नसलेल्या कितीतरी लोकांचा प्रश्न सुटेल. नोकरी देणाऱ्यांकडे कर्मचाऱ्यांनी ही मागणी आता लावून धरली पाहिजे.

लांबच्या प्रवासाचं भय मात्र पोकळ नाही. जाहिरातीतल्या रेंजच्या साठ-सत्तर टक्के खरी रेंज धरा, एसी आणि घाट असेल तर त्याहूनही हात राखून. खोपोलीहून बोरघाट चढताना टक्के भराभर उतरतात. लोणावळ्याहून परतताना ब्रेकमधून थोडे परत येतात. पुणे-मुंबईला हे सहज निभतं. पण गणपतीत मुंबईहून सावंतवाडीकडे, जवळपास पाचशे किलोमीटर, सगळे एकाच दिवशी निघतात. तेव्हा दोनदा थांबावं लागतं, पुढे रांग असते आणि एखादा चार्जर बंद असतो. घरात एकच गाडी आणि गाव कोकणात असेल, तर ही अडचण कुणीही किरकोळ म्हणून सांगू नये. त्या एका आठवड्यासाठी दुसरी गाडी भाड्याने घ्यायची तयारी असेल तर वर्षाचा हिशेब बिघडत नाही. तयारी नसेल तर मोठी बॅटरी घ्यावी लागेल आणि किमतीतला फरक वाढेल.

सोसायटीत प्लग हवा असेल, तर सुरुवात सभेपासून करा. सहकारी सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. गाडी पुढच्या वर्षी घ्यायची असली तरी चार्जिंगचा विषय या सभेच्या पत्रिकेवर यावा म्हणून सचिवांना आत्ताच लेखी पत्र द्या. पत्रात गाडीचं नाव लिहू नका. चार गोष्टी मागा: मुख्य केबलची आणि अर्थिंगची परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी, मंजूर लोडची नोंद, पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटरसाठी सर्वांना सारखी कार्यपद्धती, आणि केबलचा मार्ग दाखवणारा एक नकाशा. पहिल्या गाडीवाल्याने आपल्यापुरती वायर ओढली की दहाव्याला जागा उरत नाही, म्हणून मार्ग आधी ठरू दे. पाच सभासदांच्या सह्या असतील तर पत्र बाजूला पडत नाही. बुकिंगची रक्कम त्यानंतर भरा.